पंचविशीनंतरचे पिंपल्स: एक ट्यूब आणि १२ आठवडे

कॉलेज संपून वर्षं लोटली तरी हनुवटीवर आणि जबड्याच्या कडेने दुखरे, खोलवर रुतलेले पिंपल्स येतच राहतात, बायकांना तर पाळीच्या आधी हमखास. चेहरा नीट धुतला जात नाही म्हणून ते येत नाहीत. छिद्राच्या तोंडाशी मेलेल्या पेशी चिकटतात, आत तेल साठतं, जिवाणू वाढतात आणि मग सूज येते. फोड आज दिसतो, पण छिद्र कित्येक आठवड्यांपूर्वीच बुजलेलं असतं. म्हणून नुसत्या फोडावर टिकली लावल्यासारखं औषध लावून उपयोग नाही. ते पिंपल्स येणाऱ्या सगळ्या भागावर लावावं लागतं.

पण त्याआधी घरातली ट्यूब तपासा. मेडिकलमधून आणलेल्या, डाग घालवणाऱ्या किंवा रंग उजळवणाऱ्या क्रीमच्या खोक्यावर बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन किंवा फ्लुओसिनोलोन यांपैकी एखादं नाव असेल तर त्यात स्टिरॉइड आहे. पहिल्या आठवड्यात लाली बसते, चेहरा छान दिसतो आणि तिथेच फसगत होते. पुढे कातडी पातळ होते, बारीक रक्तवाहिन्या दिसू लागतात, लव वाढते आणि नवे पिंपल्स येतात. क्रीम थांबवलं की चेहरा भडकतो, म्हणून माणूस परत तेच लावतो. असं क्रीम काही महिने वापरलं असेल, तर ते सोडवायला त्वचारोगतज्ज्ञांची मदत घ्याच. शेजारणीची किंवा बहिणीची ट्यूब तर वापरूच नका. लिंबू, खायचा सोडा, टूथपेस्ट आणि खरखरीत उटण्याने घासणं आजपासून बंद.

आता रात्रीचं काम. मुख्य औषध म्हणजे ॲडापालिन ०.१ टक्के जेल, ते छिद्रं बुजू देत नाही. डॉक्टरांना एकदा चेहरा दाखवून ते सुरू करा. साबण नसलेल्या सौम्य फेसवॉशने चेहरा धुवा, टॉवेलने टिपून घ्या आणि १५ ते २० मिनिटं पूर्ण कोरडा होऊ द्या. ओल्या कातडीवर हे औषध जास्त झोंबतं. डोळ्यांचे, नाकपुड्यांचे आणि ओठांचे कोपरे लवकर सोलवटतात, तिथे आधी व्हॅसलीनचं बोट फिरवा. मग मटारच्या एका दाण्याएवढं जेल घ्या. सगळ्या चेहऱ्याला तेवढंच पुरतं. कपाळ, दोन्ही गाल आणि हनुवटीवर ठिपके देऊन पसरवा, पापण्या सोडा. वर साधं, सुगंध नसलेलं मॉइश्चरायझर लावा. कातडी नाजूक असेल तर आधी मॉइश्चरायझर, मग जेल, मग पुन्हा मॉइश्चरायझर असं केलंत तरी चालतं.

पहिले दोन आठवडे दर तिसऱ्या रात्री, पुढचे दोन एक रात्र सोडून आणि सोसलं तर त्यानंतर रोज. घाई करून पहिल्याच दिवसापासून रोज लावलं की चेहरा लाल होऊन सालं निघतात आणि औषधाच्या नावाने खडे फोडले जातात. दुसरं म्हणजे सुरुवातीच्या काही आठवड्यांत पिंपल्स वाढल्यासारखे वाटू शकतात. बहुतेक लोक इथेच सोडतात, आणि हेच खरं नुकसान आहे. औषध चाललं की नाही, हे १२ आठवड्यांआधी ठरवू नका. महिन्यातून एकदा त्याच खिडकीशी, त्याच वेळी फोटो काढा, कारण रोज आरशात बघून फरक कळत नाही.

महिनाभर जेल सोसलं की सकाळी जिवाणू मारणारं बेंझॉइल पेरॉक्साइड २.५ टक्के पातळसं लावायला घ्या. जास्त टक्क्यांच्या जेलने फायदा फारसा वाढत नाही, जळजळ मात्र वाढते. टॉवेल, उशीचा अभ्रा आणि ओढणीचा रंग ते उडवतं, म्हणून पांढरे कपडे वापरा. डॉक्टरांनी क्लिंडामायसिन हे लावायचं अँटिबायोटिक दिलं असेल तर तेही बेंझॉइल पेरॉक्साइडच्या जोडीनेच असावं. एकटं लावलं तर जिवाणू त्याला दाद देईनासे होतात.

आपल्या सावळ्या-गव्हाळ कातडीवर फोड बसला तरी काळा डाग महिनोन् महिने राहतो, आणि ऊन त्याला गडद करतं. एसपीएफ ३० किंवा त्याहून जास्तीचं सनस्क्रीन दोन बोटांच्या लांबीएवढं काढून चेहऱ्याला आणि मानेला लावा, पावसाळ्यातसुद्धा. डागांसाठी ॲझेलेइक ॲसिड चांगलं, पिंपल्सवरही त्याचा उपयोग होतो.

कपाळावरच बारीक पुटकुळ्या असतील तर डोक्याचं तेल बघा. रात्रभर खोबरेल थापून झोपण्याऐवजी न्हाण्याआधी तासभर लावा. त्या सगळ्या एकसारख्या आणि खाजऱ्या असतील, तर मात्र ते बुरशीमुळे झालेलं असू शकतं. तिथे अँटिबायोटिकने उलट वाढतं.

खाण्याचं बोलायचं तर तूप आणि शेंगदाण्याला उगाच दोष देऊ नका. साखर, मैदा आणि जिममधलं व्हे प्रोटीन यांवर जास्त संशय घ्यायला जागा आहे. बी १२ ची इंजेक्शनं सुरू झाल्यावर अचानक फोड आले असतील तर तेही डॉक्टरांना सांगा.

पाळी ३५ दिवसांपेक्षा जास्त लांबत असेल, हनुवटीवर राठ केस येत असतील, गाठी होऊन खड्डे पडत असतील तर घरच्या घरी वेळ दवडू नका. हार्मोनच्या तपासण्या आणि पोटातून घ्यायची औषधं लागू शकतात. गरोदर असाल किंवा मूल हवं असेल तर ॲडापालिन लावू नका. तीव्र पिंपल्ससाठी डॉक्टर देतात त्या आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्यांनी तर गर्भाला गंभीर व्यंग होऊ शकतं, त्यामुळे गोळ्या चालू असताना आणि थांबल्यावर किमान महिनाभर दिवस राहता कामा नयेत. तपासणीला जाताना आजवर लावलेल्या सगळ्या ट्यूबांची खोकी पिशवीत घालून न्या.