घरामागच्या बदकांच्या तळ्याचं पाणी वर्षभर चांगलं कसं ठेवायचं

बदकं पाळायची म्हटलं की तळं आलंच, आणि तळं आलं की चार दिवसांत हिरवट-तपकिरी, वास मारणारं पाणीपण आलं. बदकं पाण्यातच घाण करतात, त्या विष्ठेत नायट्रोजन आणि फॉस्फरस भरपूर असतं आणि शेवाळाला नेमकं तेच लागतं. त्यामुळे तळ दिसेल असं नितळ पाणी हवंय हा हट्ट आधी सोडा. वास नको, वर तवंग नको, तळाशी जाड गाळ नको, एवढं सांभाळलं तरी बदकं मजेत राहतात. आणि यातलं निम्मं काम पाण्याच्या बाहेर करायचं असतं, लोक नेमकं तेच सोडून आधी महागडा फिल्टर आणतात.

सगळ्यात आधी तळ्यात पाणी किती मावतं ते काढा. लांबी, रुंदी, खोली मीटरमध्ये मोजा, गुणाकार करा आणि त्याला 1000 ने गुणा म्हणजे लिटर मिळतात. 2 मीटर लांब, दीड मीटर रुंद, अर्धा मीटर खोल असेल तर 1500 लिटर. पुढे पंप घेताना हाच आकडा लागतो. दोन-तीनच बदकं असतील तर खरं सांगायचं तर तळं बांधूच नका, एक मोठा टब घ्या जो रोज उलटा करून परत भरता येतो, त्याच्याइतकं स्वच्छ काहीच राहत नाही.

तळं बांधणारच असाल तर तळाला एका बाजूला उतार द्या आणि सगळ्यात खोल जागी ड्रेनचा पाइप टाका, बाहेर वॉल्व. पाइप 2 इंचांपेक्षा बारीक नको, पिसं आणि गाळ मिळून बारीक पाइप हमखास तुंबतो. तळं आधीच बांधलंय आणि ड्रेन नाहीये, तर गढूळ पाण्यासाठीचा सबमर्सिबल पंप नाहीतर साधा सायफन. पण सायफन चालू करायला पाइप तोंडाने अजिबात ओढायचा नाही, या पाण्यात साल्मोनेला (पोट बिघडवणारा बॅक्टेरिया) असू शकतो, पाइप आधी नळाच्या पाण्याने भरून घ्या मग टोक खाली सोडा. आणि पंप कुठलाही असो, पाण्यात हात घालायच्या आधी प्लग काढायचा, लाइनला आरसीसीबी (करंट गळला की लगेच वीज तोडणारा स्विच) हवाच.

आता काठ. बदक काय करतं, ओल्या मातीत चोच खुपसून किडे शोधतं, आणि चोचभर चिखल घेऊन तसंच पाण्यात जातं आणि तिथे खळखळून धुतं, हे दिवसभर चालू असतं. म्हणजे काठावर चिखल असेपर्यंत तुमचा कुठलाही फिल्टर हरणारच. म्हणून तळ्याभोवती निदान मीटरभर पट्ट्यात गोल गुळगुळीत गोटे पसरा, टोकदार खडी नको कारण त्याने पायाला जखमा होतात, तिथे इन्फेक्शन होतं आणि पाय सुजतो. वर चढायला खरखरीत रॅम्पपण ठेवा.

खाणं तळ्यापासून लांब ठेवा आणि पाण्यात तर काहीच टाकू नका, पावाचे तुकडेसुद्धा नाही. पण बदकाला पाण्याशिवाय खाणं गिळायला त्रास होतो, शिवाय नाकपुड्या आणि डोळे धुवायला डोकं बुडेल इतकं पाणी लागतं, म्हणून खाण्याजवळ एक खोल भांडं वेगळं ठेवा, खाली जाळी, म्हणजे सांडलेलं पाणी निचरून जातं.

रोजचं काम सकाळी बदकांना सोडायच्या आधी करा. रात्रभर पाणी शांत राहिल्याने गाळ तळाशी बसलेला असतो, तेव्हा वॉल्व थोडा वेळ उघडला की काळं पाणी आधी निघून जातं. बदकं उतरल्यावर तेच सगळं ढवळलं जातं, मग कितीही पाणी सोडा, गाळ तिथेच. पाण्याचा रंग बदलला की वॉल्व बंद, जेवढं गेलं तेवढं भरा, जाळीने पिसं-पानं काढा, झालं. निघालेलं पाणी झाडांना उत्तम खत आहे, पण कच्च्या खायच्या पालेभाज्यांवर घालू नका.

फिल्टर लावायचा तर पंप निदान तासाला एकदा पूर्ण पाणी फिरवेल असा घ्या, पाणी जितकं वर चढवाल तितका फ्लो कमी होतो हे धरून. आधी एक रिकामा ड्रम, ज्यात गाळ खाली बसेल आणि पिसं अडकतील, त्यानंतर स्पंज किंवा बायोमीडिया (बॅक्टेरियांना चिकटून वाढायला भरपूर जागा देणारे तुकडे). खरं काम त्यावर वाढणारे बॅक्टेरिया करतात, ते अमोनियाचं नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात, त्यांना जम बसवायला 4 ते 6 आठवडे लागतात, तोवर पाणी सुधारत नाही म्हणून वैतागू नका. स्पंज तळ्याच्याच पाण्यात पिळायचा, क्लोरिनच्या नळाखाली धुतला की बॅक्टेरिया मरतात आणि परत पहिल्यापासून सुरुवात. पंपपण 24 तास चालू हवा. एवढं करूनही नायट्रेट पाण्यातच राहतं, म्हणून पाणी बदलणं काही सुटत नाही.

शेवाळ रोखायला सावली करा, औषधं नकोत, कॉपर सल्फेट तर बिलकुल नको. झाडं लावायची तर जाळीच्या आड लावा, नाहीतर बदकं दोन दिवसांत फस्त करतात. जलपर्णी मात्र बाहेरच्या नाल्यात-नदीत जाऊ देऊ नका.

पावसाळ्यात आजूबाजूचा चिखल वाहून आत येतो, त्यामुळे काठ जमिनीपेक्षा थोडा उंच आणि जास्तीचं पाणी जायला वाट हवी. पानगळीत वर जाळी टाका किंवा रोज पानं काढा. थंडीत बॅक्टेरिया सुस्त होतात म्हणून गाळ जास्त वेळा सोडा, आणि पाणी गोठत असेल तर एक कोपरा तरी मोकळा ठेवा.

सगळ्यात जास्त लक्ष उन्हाळ्यात द्यायचं. गरम, साचलेल्या पाण्यात कुजणारा गाळ किंवा मेलेला प्राणी पडून असला की बोट्युलिझमचं विष तयार होतं, मेलेल्या प्राण्यातले किडे खाल्ले तरी बदकाला ते होतं. पाय लुळे पडतात, मग मान टाकतं. दुसरा धोका निळ्या-हिरव्या शेवाळाचा, पाण्यावर रंगाचा डबा सांडल्यासारखा थर दिसतो. दोन्हीपैकी काहीही दिसलं तर सगळी बदकं लगेच पाण्यापासून लांब न्या, स्वच्छ प्यायचं पाणी द्या, पशुवैद्यांना फोन करा, मेलेलं काही असेल तर हातमोजे घालून काढा, आणि तळं उपसून गाळ काढून नवं पाणी भरेपर्यंत त्यांना परत सोडू नका.