बुश नवे टाका, पण बोल्ट पक्के आवळा ते गाडी चाकांवर उभी असताना

घरी गाडी बांधायला घेतली आणि सस्पेन्शन खाली उतरवलंच आहे, तर आर्मचे (चाकाला गाडीच्या सांगाड्याशी जोडणारे दांडे) आणि डिफरन्शियलचे (इंजिनची ताकद दोन्ही चाकांत वाटणारा गिअरचा डबा) बुश, म्हणजे सांध्यातले नळीभोवती रबर असलेले तुकडे, त्याच वेळी बदला. नंतर त्यासाठी पुन्हा सगळं खोलणं फार जिवावर येतं.

जुना बुश हातोड्याने ठोकून काढू नका, आर्मचं घर, म्हणजे बुश बसतो ती जागा, वाकतं. साताऱ्यात किंवा कुपवाडच्या एमआयडीसीत हायड्रॉलिक प्रेस असलेलं वर्कशॉप गाठा. काढण्याआधी मात्र आर्मवर खडूने खूण करा: कित्येक बुशच्या रबरात एका बाजूला पोकळी ठेवलेली असते आणि ती मूळच्याच दिशेला यायला हवी. डिफरन्शियलच्या बुशला तर हे हमखास बघा. नवा बसवताना रबराला ग्रीस किंवा ऑइल लावू नका, त्याने रबर फुगतं. साबणाचं पाणी पुरतं. पॉलियुरेथेनचे असतील तर सिलिकॉन ग्रीस. पण ते कडक असतात आणि डिफरन्शियलचा गुरगुराट थेट आत येतो, म्हणून रोजच्या गाडीला मी रबरच सुचवेन.

आता सगळ्यात महत्त्वाचं. चाकं लोंबकळत असताना आर्मचे बोल्ट पक्के आवळू नका. रबर बुशच्या आतल्या नळीला चिकटवलेलं असतं. तसं आवळलं तर गाडी खाली उतरताच ते कायमचं पिळलेलं राहतं आणि यवतेश्वर घाटासारख्या रस्त्यावर लवकर चिरायला लागतं. बोल्ट हाताने लावा, गाडी चाकांवर उतरवून दाबून हलवा, मग टॉर्क रेंचने (ठरावीक जोर मोजून आवळणारा पाना) आवळा. खाली शिरायचं तर चाकांखाली रॅम्प हवेतच, नुसत्या जॅकवर कधीही नाही. शेवटी चाकांची अलाइनमेंट करून घ्या.