बालीचा जागृत ज्वालामुखी कसा चढावा: ठाणे-नवी मुंबईच्या ट्रेकर्ससाठी बातूरची तयारी

माहुली चढून आलेल्या माणसाला बातूर चढता येतो, हे आधीच सांगून टाकते. बालीतला हा ज्वालामुखी १,७१७ मीटर उंच आहे, पण चढाई सुरू होते ती पायथ्याच्या तळ्याजवळून, म्हणजे प्रत्यक्ष चढ सहाशे-सातशे मीटरचा. साधारण दोन तास. आसनगावला उतरून भर पावसात माहुली केलेल्या ठाणेकराने त्याचा बाऊ करू नये.

धास्ती हवी ती वेगळ्याच गोष्टीची. आपला सह्याद्रीही लाव्हाचाच, पण तो थंड होऊन सहा कोटींहून जास्त वर्षं झाली. त्यामुळे डोंगरावरच्या आपल्या सगळ्या सवयी थंड डोंगराच्या आहेत. बातूर २००० सालापर्यंत उसळत होता. १९२६च्या उद्रेकात तर त्याच्या पायथ्याचं बातूर गाव गाडलं गेलं आणि लोकांनी देऊळ, घरं वर कड्याच्या काठावर नव्याने बांधली.

आधी इशारा पातळी बघा

इंडोनेशियात ज्वालामुखींवर सरकारी यंत्रणेची नजर असते आणि प्रत्येकाला चारपैकी एक पातळी दिलेली असते: नॉर्मल (एक), वास्पादा (दोन), सियागा (तीन), आवास (चार, सर्वात धोक्याची). 'मॅग्मा इंडोनेशिया' या सरकारी संकेतस्थळावर ती रोज दिसते. तिकीट काढताना बघा, निघताना बघा आणि चढाईच्या आदल्या संध्याकाळी पुन्हा बघा. पातळी दोनवर गेली की बहुतेक वेळा मुखापासून किती किलोमीटर लांब राहायचं तेही लिहिलेलं असतं. तो आकडा गाईडच्या शब्दापेक्षा मोठा.

हे का, ते पश्चिम सुमात्रातल्या मारापीने दाखवलं. (जावामधला मेरापी वेगळा, नावांत गोंधळू नका.) मारापी बरीच वर्षं पातळी दोनवर होता, तीन किलोमीटरच्या आत जाऊ नका अशी सूचना होती, तरी लोक शिखरावर जात होते. ३ डिसेंबर २०२३ला तो उसळला आणि वीसहून अधिक जण गेले.

पातळी एक म्हणजे धोका शून्य, असंही नाही. जपानचा ओंताके २७ सप्टेंबर २०१४ला फुटला तेव्हा पातळी एकच होती; ६३ जण मृत किंवा बेपत्ता झाले. तिथे लाव्हा वर आलाच नव्हता. जमिनीतल्या पाण्याची तापून वाफ झाली आणि शिटी न देता कुकरचं झाकण उडावं तसा डोंगर उडाला. एवढी जोखीम मान्य असेल तरच पुढे वाचा. घरच्यांनाही हे सांगून ठेवा, 'फिरायला चाललोय' एवढ्यावर भागवू नका.

तारीख

एप्रिल ते ऑक्टोबर कोरडा मोसम. म्हणजे मुलांची मे महिन्याची सुट्टी उत्तम, दिवाळीची सुट्टी काठावरची. मार्चमध्ये जाणार असाल तर न्येपी, म्हणजे बालीच्या हिंदूंचं नववर्ष, कधी आहे ते पाहा. त्या दिवशी अख्खं बाली बंद असतं, विमानतळसुद्धा. परतीच्या आधी एक दिवस मोकळा ठेवा. नोव्हेंबर २०२४मध्ये पूर्वेकडच्या फ्लोरेस बेटावरचा लेवोतोबी उसळला आणि राखेमुळे बालीची विमानं रद्द झाली. दुसऱ्याच्या ज्वालामुखीने आपली रजा खाल्ली, असंही होतं.

विम्याच्या कागदात ट्रेकिंग चालतं का, ज्वालामुखीमुळे विमान रद्द झालं तर पैसे मिळतात का, या दोन ओळी शोधाच.

पाय तयार करा

ट्रेकच्या आधी सहा आठवडे पुरेत. घोडबंदर रोडच्या किंवा खारघरच्या टॉवरमध्ये राहत असाल तर लिफ्टला सुट्टी द्या. एक मजला तीन मीटरचा धरला तर बातूर म्हणजे साधारण २२० मजले. बावीस मजली इमारत दहा वेळा. एका दिवसात नको, पण आठवड्याला तेवढे मजले झाले की तयारी चांगली. उतरतानाही जिन्यानेच उतरा, कारण गुडघे बोलायला लागतात ते तिथे. मधल्या रविवारी येऊर किंवा पारसिकची टेकडी आणि शेवटी एकदा माहुली किंवा पनवेलजवळचा कलावंतीण. दोन्हीकडे घसारा मिळतो, आणि बातूरच्या वरच्या टप्प्यात घसाराच घसारा आहे: काळी, भुसभुशीत खडी, एक पाऊल पुढे तर अर्धं मागे.

पिशवीत काय

घोट्याच्या वर येणारे बूट, नाहीतर खडी आत शिरते. हेडटॉर्च. मोबाइलचा टॉर्च चालणार नाही, हात मोकळे हवेत. विंडचीटर आणि आत एक गरम थर. शिखरावर घामेजलेल्या टीशर्टमध्ये उभं राहिलं की ठाण्याच्या माणसाला हुडहुडी भरते. दीड लिटर पाणी. वर मिळणाऱ्या नाश्त्यात अंडी आणि केळी असतात, तेव्हा शाकाहाऱ्यांनी दशम्या आणि शेंगदाण्याची चिक्की न्यावी. खाऊ मात्र आतल्या कप्प्यात, कारण वर माकडं आहेत आणि ती येऊरच्या माकडांची सख्खी भावंडं.

मास्कबद्दल एक गैरसमज: एन-९५ राख अडवतो, वायू अडवत नाही. दम्याचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय जाऊ नका.

ती रात्र

बालीचं घड्याळ आपल्या अडीच तास पुढे. गाडी बालीतल्या उबुद या गावातल्या हॉटेलवर येते रात्री दोनच्या सुमारास, म्हणजे शरीराच्या हिशेबाने साडेअकरा. झोप लागण्याआधीच उठायची वेळ होते. मी पोहोचले त्याच रात्री गेले आणि अर्ध्या वाटेवर बसकण मारली. तुम्ही तिसऱ्या-चौथ्या रात्री जा.

स्थानिक गाईड घ्यावाच लागतो आणि घ्यावाच. इथे वाट माहीत असल्याचा सह्याद्रीछाप आत्मविश्वास कामाचा नाही, कारण प्रश्न वाटेचा नसून जमीन कुठे तापली आहे याचा आहे. पहाटे चारच्या आसपास बॅटऱ्यांची माळ चढायला लागते. वाटेत पानांच्या छोट्या द्रोणात फुलं, अगरबत्ती ठेवलेली दिसेल. तो नैवेद्य आहे, ओलांडू नका, बाजूने जा. दगड सुटला तर जोरात ओरडा आणि पुढच्याच्या अगदी मागे चिकटून चालू नका.

शिखरावर

उजेड सहाच्या सुमारास. खाली तळं, समोर अबांग आणि त्यामागे अगुंग हे डोंगर. पायाखाली मात्र फटींतून वाफ येते, आणि काही गाईड तिच्यावर अंडी उकडून दाखवतात. त्यावरून काय ते समजा: गाईड उभा आहे त्याच्या पलीकडे फोटोसाठी एक पाऊलही नाही, आणि खळग्यात उतरून बसायचं नाही. कार्बन डायऑक्साइड हवेपेक्षा जड असतो, तो सखल जागी साचतो. कुजक्या अंड्यांचा वास वाढला, घसा किंवा डोळे चुरचुरले की वारा जिकडून येतोय तिकडे तोंड करून तिथून निघा. अचानक हादरा, गडगडाट किंवा राखेचा लोट दिसला तर मोबाइल खिशात, सॅक डोक्यावर, नाकावर कपडा आणि मुखापासून लांब, घळ टाळून खाली.

उतरताना

छोटी पावलं, टाच रोवत, गुडघे किंचित वाकवून. बहुतेक जण इथेच पडतात, कारण सूर्योदय पाहून झाला की डोकं खाली पोहोचलेलं असतं आणि पाय वरच असतात.

पायथ्याच्या तोया बुंगकाह गावात गरम पाण्याची कुंडं आहेत. नऊ वाजता त्यात पाय सोडून बसलात तर ठाण्यात साडेसहा झालेले असतात, पहिला चहा चढलेला असतो. तेव्हा घरी फोन करा.