चेहऱ्यावरचा तीळ काढायचाय? मग डॉक्टर असे निवडा

तीळ काढणं हे बहुतेक वेळा अर्ध्या तासाच्या आतलं काम आहे, आणि म्हणूनच ते कुणीही करायला घेतं. पार्लरच्या दरपत्रकात फेशियलच्या खाली ‘मोल रिमूव्हल’ लिहिलेलं असतं. जत्रेत तीळ-मस काढून देणारा बसलेला असतो, ऑनलाइन तीळ काढायचं पेन मिळतं, आणि घरातलं कुणीतरी चुना आणि धुण्याचा सोडा कालवून लावायला सांगतंच. चुना-सोड्यानं तीळ जातो हे खोटं नाही. पण त्यासोबत त्वचाही भाजते आणि तिळाच्या जागी खड्डा राहतो, तो मात्र कशानंच जात नाही.

या मंडळींना बाजूला ठेवलं तरी डॉक्टरांमध्येही निवड करावी लागतेच. ती करताना माझा निकष एकच असतो. ‘कसा काढायचा’ हे बोलण्याआधी ‘हा नेमका आहे काय’ हे जे डॉक्टर बघतात, त्यांच्याकडे जावं. खालच्या पायऱ्या त्यासाठीच आहेत.

१. आधी आरशासमोर उभे राहा

आपण सरसकट ज्याला तीळ म्हणतो त्यात बरंच काही येतं. जन्मापासूनचा तीळ असतो, वयात येताना उगवलेला असतो, फुगीर मस असतो, चामखीळ असते. गालांवर आणि डोळ्यांखाली येणारे बारीक काळे उंचवटेही असतात. हे उंचवटे भारतीय चेहऱ्यांवर फार दिसतात, आईला असले की बऱ्याचदा मुलीलाही येतात, आणि ते मुळात तीळ नसतातच. या प्रत्येकाचा इलाज वेगळा.

तिळाचा जवळून, उजेडात, शेजारी मोजपट्टी धरून फोटो काढा. मग कॅन्सरची शंका घ्यावी का हे सांगणाऱ्या पाच गोष्टी बघा: दोन्ही अर्धे सारखे आहेत का, कडा रेखीव आहे की फाटलेली, रंग एकच आहे की दोन-तीन छटा आहेत, रुंदी ६ मिलिमीटरच्या वर आहे का, आणि गेल्या काही महिन्यांत तो बदललाय का. यातला शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. तिळात केस असला की लोक घाबरतात, पण नुसता केस हे काही वाईट लक्षण नाही.

वयस्कर माणसाच्या नाकावर, गालावर किंवा पापणीजवळ नव्यानं आलेला, चकचकीत कडेचा, मधूनच खपली धरणारा आणि पुन्हा रक्त येणारा ‘तीळ’ मात्र वेगळी गोष्ट. बेसल सेल कार्सिनोमा हा त्वचेचा कॅन्सर गोऱ्या त्वचेवर बहुधा गुलाबीसर दिसतो, आपल्याकडे तो बऱ्याचदा काळाच असतो आणि तिळात खपून जातो. तो हळू वाढतो, वेळेत काढला तर बहुतेक वेळा पूर्ण बराही होतो. पण कॉस्मेटिक क्लिनिकमध्ये लेझरनं वरवर जाळला, तर वरून सगळं स्वच्छ दिसतं आणि आत तो वाढत राहतो. ‘तिळाला हात लावला की कॅन्सर होतो’ ही समजूत अशाच प्रसंगांतून आली असावी. साधा तीळ काढल्यानं कॅन्सर होत नाही. जो आधीच होता तो न तपासता कापला जातो, धोका तिथे असतो.

२. तीळ कुठे आहे त्यावरून कुणाकडे जायचं ते ठरवा

गालावरचा, कपाळावरचा, हनुवटीवरचा लहान-मध्यम तीळ असेल तर त्वचारोगतज्ज्ञ. ओठाच्या कडेवर, नाकपुडीच्या वळणावर असेल, किंवा जन्मापासूनचा मोठा तीळ असेल, तर प्लास्टिक सर्जन. तिथे एक-दोन मिलिमीटर त्वचा ओढली गेली तरी चेहऱ्याचा तोल बिघडतो. पापणीच्या अगदी काठावर असेल, तर डोळ्यांच्या डॉक्टरांपैकी पापण्यांची शस्त्रक्रिया करणारे ऑक्युलोप्लास्टिक सर्जन. ठरत नसेल तर आधी त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा, गरज वाटली तर ते पुढे पाठवतील. स्वतःहून पुढे पाठवणारा डॉक्टर ही चांगलीच खूण आहे.

३. पाटीवरची अक्षरं वाचा, मग पडताळा

त्वचारोगासाठी एमबीबीएसनंतर एमडी, डीएनबी, किंवा डीव्हीडी अथवा डीडीव्हीएल ही पदविका बघा. प्लास्टिक सर्जरीसाठी एमसीएच किंवा डीएनबी. ‘कॉस्मेटॉलॉजिस्ट’, ‘एस्थेटिक फिजिशियन’, ‘लेझर तज्ज्ञ’ हे शब्द पाटीवर भारदस्त दिसतात, पण त्यामागे आठवडाभराचा कोर्सही असू शकतो. २०२२ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाला केसरोपण आणि सौंदर्योपचारांबाबत असं स्पष्ट सांगावं लागलं होतं, की कार्यशाळेत किंवा यूट्यूबवर बघून घेतलेलं शिक्षण हे पुरेसं प्रशिक्षण नव्हे. हे लिहून द्यावं लागलं, यावरूनच काय ते समजा.

डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक दवाखान्यात आणि प्रिस्क्रिप्शनवर असणं बंधनकारक आहे. महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेच्या संकेतस्थळावर तो शोधा. नाव जुळतं का हे तर बघाच, पण पदव्युत्तर पदवीची नोंद आहे का हेही बघा. आयुर्वेद, होमिओपॅथी आणि दंतवैद्यकाच्या परिषदा वेगळ्या आहेत, त्यामुळे नाव इथे सापडलं नाही तर तुम्ही नक्की कुणाकडे चाललाय हेही त्यातून कळेल.

खासगी दवाखाना परवडत नसेल तर सरकारी आणि पालिकेच्या वैद्यकीय महाविद्यालयांचे त्वचारोग विभाग आहेत: पुण्यात ससून, मुंबईत जे. जे., केईएम, नायर, शीव, नागपुरात मेडिकल आणि मेयो, गोव्यात बांबोळीचं गोमेकॉ (गोवा मेडिकल कॉलेज). रांग लागेल, दोन-तीन खेपा होतील, निव्वळ हौसेच्या कामाला तारीख लांबची मिळेल. पण तिथे तीळ बघणारे डोळे रोज शेकडो त्वचा बघतात, आणि शंका आलीच तर तपासणी त्याच आवारात होते.

४. पहिल्या भेटीत तीळ काढू नका

पहिली भेट ही डॉक्टरांची परीक्षा आहे असं समजूनच जा. बोलणी कुणाशी होतात ते बघा. मोठ्या साखळी क्लिनिकांमध्ये आधी एक ‘काउन्सेलर’ बसवते, पॅकेज सांगते, ‘आज बुक केलं तर सूट’ म्हणते, आणि डॉक्टर शेवटच्या दोन मिनिटांत येतात. तिथून उठून यायला संकोच करू नका.

चांगले डॉक्टर तिळावर डर्मोस्कोप ठेवून बघतात. हे दिवा आणि भिंग असलेलं लहानसं उपकरण आहे, त्यानं दुखतखुपत नाही. मग ते तुम्हालाच प्रश्न विचारतात. तीळ कधीपासून आहे? घरात कुणाला त्वचेचा कॅन्सर होता का? रक्त पातळ करायची गोळी चालू आहे का? पेसमेकर आहे का? (असेल तर विजेच्या उष्णतेनं त्वचा जाळणारी कॉटरी जपून वापरावी लागते.) मुरमांसाठी आयसोट्रेटिनोइन घेताय का? आणि आपल्याकडे आवर्जून विचारायला हवा असा प्रश्न: जुन्या जखमेवर, कान टोचलेल्या जागी किंवा देवीच्या-बीसीजीच्या लसीवर कधी फुगीर, खाजरा व्रण आलाय का? तसा केलॉइडचा कल असेल तर तीळ तसाच ठेवणं हाही एक सल्ला असू शकतो, आणि तो देणारा डॉक्टर स्वतःचं उत्पन्न सोडून बोलत असतो.

आता तुमची पाळी. मी हे प्रश्न विचारेन:

– काढणार कोण, तुम्ही स्वतः की असिस्टंट?
– कोणत्या पद्धतीनं, आणि याच तिळाला तीच का?
– व्रण कसा आणि केवढा राहील?
– काढलेला तुकडा बायोप्सीला पाठवणार का?
– माझ्यासारख्या वर्णाच्या त्वचेवर, सहा महिन्यांनंतर काढलेले फोटो आहेत का?

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर ‘काहीच डाग राहणार नाही’ असं आलं, तर पुढचं ऐकायची गरज नाही. त्वचेच्या खोल थराला धक्का लागला की व्रण राहतोच. तो कुठे लपवायचा आणि किती बारीक ठेवायचा, एवढंच हातात असतं. फोटो पाहताना उजेड सारखा आहे का ते बघा. दुसऱ्या आठवड्यातला गुलाबी ठिपका आणि वर्षानंतरचा व्रण यात फार फरक असतो.

५. पद्धतींबद्दल एवढं माहीत असू द्या

फुगीर तीळ त्वचेच्या पातळीला तासून काढतात. टाके नाहीत, व्रण बहुधा सपाट. पण मुळं खाली राहिली तर रंग किंवा केस परत येऊ शकतो. लहान तिळाला गोल पात्याचा पंच वापरून एखादा टाका घालतात. खोल किंवा शंकास्पद तीळ लांबट आकारात पूर्ण कापून शिवतात. इथे लोक हबकतात, कारण शिवण सपाट बसावी म्हणून ती तिळाच्या रुंदीच्या साधारण तिप्पट लांब ठेवावी लागते. ६ मिलिमीटरच्या तिळाला जवळपास २ सेंटिमीटरची रेघ! ती चेहऱ्याच्या नैसर्गिक सुरकुत्यांच्या दिशेनं घातली की पुढे नजरेत भरत नाही, आणि सर्जनचा हात कळतो तो इथेच. चेहऱ्याचे टाके साधारण पाच ते सात दिवसांत काढतात.

रेडिओफ्रिक्वेन्सी (रेडिओलहरींच्या उष्णतेनं जाळणं) आणि कार्बन डायऑक्साइड लेझर झटपट असतात, गालावरच्या त्या बारीक काळ्या उंचवट्यांना उत्तमही असतात. पण लेझरनं तीळ जाळला की तपासायला काही उरतच नाही. म्हणून रंगाची शंका असलेल्या तिळाला लेझर सुचवणाऱ्यांकडे मी दुसऱ्यांदा जाणार नाही, मग मशीन परदेशी असो की लाखांचं.

६. पैसे आणि कागद

खर्च लेखी मागा: तपासणी, प्रत्यक्ष काम, बायोप्सी, ड्रेसिंग, पुढच्या भेटी, असा वेगवेगळा. दर ‘एका तिळाचा’ आहे की ‘एका बैठकीचा’, हे विचारायला विसरू नका. गालावर दहा ठिपके असतील तर इथेच गणित फिरतं. निव्वळ सौंदर्यासाठी केलेल्या शस्त्रक्रियेचा खर्च आरोग्य विमा देत नाही, आणि त्यावर जीएसटीही लागतो. संमतीपत्र घरी नेऊन वाचू देत असतील तर बरं. टेबलावर पडल्यावर हातात दिलेलं संमतीपत्र ही नुसती सही असते. तुमच्या नोंदी मागितल्यावर ७२ तासांत देणं डॉक्टरांवर बंधनकारक आहे.

सरकारी नोकरीत असाल तर एक किरकोळ गोष्ट: सेवापुस्तकात ‘ओळखीची खूण’ म्हणून हाच तीळ लिहिलेला नाही ना, तेवढं बघून ठेवा.

७. तारीख

आपल्याकडे तीळ आठवतो तो लग्न ठरल्यावर. सावळ्या-गव्हाळ त्वचेवर जखमेच्या जागी काळपट डाग पडतो, तो फिकट व्हायला महिने लागतात. व्रण पूर्ण मुरायला सहा महिने ते वर्ष. म्हणून समारंभाआधी किमान तीन-चार महिने हातात ठेवा, सहा असतील तर उत्तम. हळदीच्या दहा दिवस आधी ‘करून टाकू की’ म्हणणाऱ्या डॉक्टरांपेक्षा ‘आता लग्नानंतर या’ म्हणणारे निवडा.

८. नंतरही तेच डॉक्टर

निघण्याआधी दोन गोष्टी विचारून घ्या: रात्री रक्त आलं तर फोन कुणाला करायचा, आणि पुढची भेट कधी. जखम भरेपर्यंत मलम लावून ओलसर ठेवायची, खपली उकरायची नाही, भरल्यावर किमान एसपीएफ ३० चं सनस्क्रीन लावायचं, ढगाळ दिवशीसुद्धा.

बायोप्सीचा रिपोर्ट ‘नॉर्मल आहे’ असं फोनवर ऐकून सोडू नका, प्रत घ्या आणि जपून ठेवा. अर्धवट निघालेला तीळ काही महिन्यांनी त्याच जागी वेडावाकडा उगवला, तर सूक्ष्मदर्शकाखाली तो साधा असूनही मेलानोमासारखा, म्हणजे त्वचेच्या घातक कॅन्सरसारखा, दिसू शकतो. अशा वेळी दुसऱ्या तुकड्यासोबत पहिला रिपोर्टही पॅथॉलॉजिस्टपर्यंत पोचायला हवा.