शिवाराचा इतिहास लिहिताना

गावाचा इतिहास लिहायला घेतला की यादव, फारुकी, मोगल, पेशवे असा क्रम लावण्याचा मोह होतो आणि प्रत्यक्ष गाव चौथ्या पानावर उगवते. खानदेशातील हजार-दीड हजार वस्तीच्या गावासाठी सुरुवात राजापासून नव्हे, शिवारापासून करावी. आयर्लंडमध्ये साठ हजारांहून अधिक ‘टाउनलँड’, म्हणजे शिवारवजा लहान भूभाग, आहेत. १९२२ साली डब्लिनच्या सरकारी दप्तरखान्याला लागलेल्या आगीत १८२१ ते १८५१ या काळातील खानेसुमारीची बहुतेक पत्रके जळाली. तरीही १८४७ ते १८६४ या काळात करआकारणीसाठी प्रसिद्ध झालेल्या ग्रिफिथ यांच्या मूल्यांकनामुळे कोणती जमीन कोणाकडे होती, हे आजही प्रत्येक टाउनलँडपुरते सांगता येते.

आपल्याकडे प्रथम तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयातून गावनकाशाची नक्कल घ्यावी. १९४७ च्या कायद्यानंतर जेथे एकत्रीकरण योजना राबवली गेली, तेथे सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले; त्यामुळे जुना-नवा मेळ घातल्याशिवाय कोणताही कागद वाचू नये. त्यानंतर फेरफार नोंदवही आरंभापासून क्रमाने वाचावी. वारस, खरेदी, गहाण, वतन यांच्या त्या रुक्ष नोंदींत गावाचे निम्मे चरित्र असते. खानदेश जिल्ह्याचे १९०६ साली पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग झाले आणि नंदुरबार जिल्हा १९९८ साली झाला, हे ध्यानात ठेवून दप्तर शोधावे. जुने कागद मोडी लिपीत असल्यास जाणकार गाठावा. धुळ्याचे राजवाडे संशोधन मंडळ यासाठी उपयोगी पडते.

नकाशा हातात आला की एखाद्या वृद्ध शेतकऱ्याबरोबर बांधाबांधाने फिरावे आणि अहिराणीतच विचारावे, “आबा, ह्या वावरले काय म्हंतस?” मिळालेले नाव उच्चाराप्रमाणे टिपावे, शुद्ध करू नये. शेतात एकटाच मारुती, आजूबाजूला राखट पांढरी माती, नांगराच्या तासात खापरांचे तुकडे आणि झिजलेल्या जात्याची तळी दिसली, तर ती जुनी पांढरी, म्हणजे मोडलेल्या वस्तीची जागा, असण्याचा संभव फार. १८०२ ची होळकरी फौजांची धामधूम आणि १८०३-०४ चा दुष्काळ यांत खानदेशातील अनेक गावे ओस पडली. महसुली कागदांत ‘बेचिराख’ (ओस) असा शेरा आढळल्यास तो या जागेशी ताडून पाहावा. मात्र तेवढ्यावरून ओस पडण्याचे वर्ष ठरवू नये.

वेशीवरच्या वीरगळावरचा, म्हणजे लढाईत पडलेल्या वीराच्या स्मारकशिळेवरचा, शेंदूर खरवडू नये. सकाळच्या तिरप्या उन्हात छायाचित्र घेतले की खालच्या चौकटीतली लढाई आणि वरची शिवपूजा बहुधा उमटते. खाली गाई कोरलेल्या असतील तर वीर गोधन राखताना पडला, असा अर्थ करता येतो.

पांझरा नदीकाठच्या गावांनी फड बागायतीला स्वतंत्र प्रकरण द्यावे. बंधाऱ्यातून निघालेला पाट, त्याखाली पाडलेले फड म्हणजे शेतजमिनीचे भाग, एका फडात एकच पीक आणि पाणी वाटणारा पाटकरी, ही व्यवस्था सरकारी कालव्यांच्या कितीतरी आधीपासून गावकऱ्यांनीच चालवली. कोणत्या फडात कोणत्या साली काय होते, पाटाची साफसफाई कोणाकडे होती, भांडण कोण मिटवीत असे, हे प्रश्न वेगवेगळ्या घरी विचारावेत आणि उत्तरे जुळली नाहीत तर दोन्ही लिहावीत. एकमत झालेल्या आठवणीवर माझा तरी विश्वास कमीच.

मुलाखतींचे काम शाळेतील मुलांकडे सोपवता येते. आयर्लंडमध्ये १९३७ ते १९३९ या काळात प्राथमिक शाळांतील मुलांनी घरातल्या वडीलधाऱ्यांकडून ऐकलेल्या कथा, औषधे आणि जागांची नावे वहीत उतरवली. तो संग्रह आजही अभ्यासला जातो.

कुळांची माहिती मात्र खानदेशातील देवी कानबाईच्या उत्सवात घ्यावी, कारण सुरतेला किंवा पुण्याला गेलेली घरेही तेव्हा गावी येतात आणि रोट, म्हणजे देवीच्या नैवेद्याचे पदार्थ, भाऊबंदकीतच खाल्ले जातात. रोटाला कोण बसते त्याची घरवार यादी करून ती फेरफारातील वारसनोंदींशी ताडावी. नोंदींत सुटलेल्या लेकीसुनांची नावे घरातील वृद्ध स्त्रियांकडून त्याच वेळी भरून घ्यावीत.