लाँग रायफलच्या नादाला लागण्याआधी

पेनसिल्व्हेनियात राहताय आणि जुन्या लाँग रायफलींचा नाद लागतोय? मग पहिलं वर्ष पाकीट घरी ठेवा. बघा, परवानगी घेऊन हाताळा, विचारा.

जर्मनीहून आलेल्या कारागिरांनी १८व्या शतकात लँकेस्टरच्या आसपास आपली आखूड, जाड नळीची येगर रायफल लांब आणि सडपातळ केली, मेपलचा दस्ता आणि पितळी झाकणाची डबी दिली, हे तुम्ही वाचलं असेलच. लँकेस्टर, लेबनन, रीडिंग ही घराणीही दस्त्याच्या बाकावरून हळूहळू ओळखू येतात. त्याची काळजी नको.

काळजी करायची ती चकमकीची, म्हणजे गारेच्या ठिणगीने बार उडवणाऱ्या यंत्रणेची. माझी झोप उडवली तिनेच.

साधारण १८२०नंतर टोपीची बंदूक आली: ठिणगीऐवजी घोड्याचा घाव बसून फुटणारी छोटी स्फोटक टोपी. चांगली रायफल कोण फेकून देणार? गावच्या कारागिराने रंजकाची, म्हणजे पेटवणीच्या दारूची वाटी काढली, कानाच्या (नळीत आग शिरते त्या बारीक भोकाच्या) जागी मोठं भोक पाडून ड्रम, म्हणजे टोपी बसवायचा छोटा नळकांडा पिळला, घोडा बदलला. पुढे संग्राहक आले, चकमकीला भाव चढला आणि उलटी गंगा सुरू झाली: ड्रम काढा, भोक बुजवा, वाटी परत बसवा. विकणारा म्हणतो, ‘चकमकीची आहे.’ ते खरंच असतं. मूळची आहे का, हे तुम्ही विचारल्याशिवाय तो सांगत नाही.

म्हणून लॉक, म्हणजे घोडा आणि बाजूची पट्टी असलेली यंत्रणा, उतरवून बघू द्या म्हणायचं. नकार आला तर राम राम करून पुढच्या टेबलाकडे. लॉकची पट्टी आतून बघा: बुजवलेली भोकं, जोडकामाचा वेगळा रंग. मग भिंगातून कानाभोवतीचं लोखंड. ड्रमच्या जागी ठोकलेल्या बुचाची गोल कड नीट पाहिली तर सापडते. मग लाकूड. रंजक पेटलं की भडका बाजूला उडतो, त्याने वाटीमागचं लाकूड काळवंडतं, खाल्लं जातं. बाकी दस्ता घासून गुळगुळीत आणि तेवढीच कड कोरी असेल तर संशय घ्या. पण टोपीचा भडकाही लाकूड खातो, तेव्हा एका खुणेवर निकाल देऊ नका. कधी नळीचं मागचं टोक कापून नळीच मागे सरकवलेली असते. पुरावा तिथेच गेला. अशा वेळी नळी दस्त्याला धरून ठेवणाऱ्या पिनांची जुनी बुजवलेली भोकं शोधा.

आणि लॉकवर केटलंड हे नाव वाचून कारागीर सापडला म्हणून नाचू नका. ती इंग्लंडहून आलेली तयार लॉकं. कारागिराची सही असली तर सहसा नळीच्या वरच्या पैलूवर असते, आणि जेकब डिकर्टसारखं मोठं नाव दिसलं की आणखी बारकाईने बघायचं. कितीतरी उत्तम रायफलींवर सहीच नाही.

एवढं वाचून धीर सोडू नका. परत चकमकीची केलेली रायफल टाकाऊ नसते, फक्त मूळच्या भावात घ्यायची नसते. मला तर टोपीचीच राहिलेली जास्त आवडते. तिने काय काय सोसलं ते अंगावर दिसतं.

गुरू हवाच. मात्र पहिल्याच भेटीत स्वतःचा माल काढून दाखवणारा नको. फोनवर फोटो पाठवून निदान मागणाऱ्यांचा मला राग येतो. लॉकच्या आतलं फोटोत काय दिसणार, कपाळ? त्यापेक्षा नाझरेथजवळ जेकब्सबर्गला लाँग रायफलचं म्युझियम आहे, तिथे अर्धा दिवस घालवा.

कायद्याचं थोडक्यात: १८९८पर्यंत बनलेल्या बंदुका अमेरिकेच्या १९६८च्या केंद्रीय कायद्यात अँटिक ठरतात. राज्यांचे नियम निराळे, ते स्वतः वाचा. पुण्याच्या दिवाणखान्यात टांगायची हौस असेल तर आधी दोन्ही देशांतले परवाने बघा.

आणि कुठलीही ठासणीची बंदूक हातात आली की ती भरलेलीच आहे असं धरा. शंभर-दीडशे वर्षांपूर्वी ठासलेली दारू आत तशीच सापडते. तोंडासमोर न येता गज आत सोडा, नळीच्या तोंडाशी खूण करा, मग तोच गज बाहेरून लावून बघा. टोक जवळजवळ कानापर्यंत पोचायला हवं. दोन-तीन बोटं कमी पडलं तर घोड्याला हात न लावता बंदूक खाली ठेवा आणि जाणकाराला बोलवा.