परदेशी सेवा-सहलीला मुलं नेताना: थापी ठेवा, हापसा धरा

परदेशातल्या गरीब गावांत मुलांना मदतीच्या कामाला नेणाऱ्या सेवा-सहलींच्या माहितीपत्रकावर पहिल्याच पानावर हमखास रंगाचा ब्रश हातात घेतलेली, हसरी मुलं असतात. मी कॉलेजातल्या मुलांना अशा सहलींना घेऊन जाते, आणि ब्रश, थापी, फावडं यांतलं काहीही त्यांच्या हाती द्यायचं नाही, हा माझा पहिला नियम. भिंती रंगवणारे आणि विटा रचणारे लोक त्या गावात असतातच. त्यांच्या मजुरीवर आपण का पाणी सोडायला लावायचं? यजमानांनी आपणहून काम सांगितलं तर जरूर करा, पण तिथल्या गवंड्याच्या हाताखाली, आणि त्याची मजुरी सहलीच्या खर्चात धरून. गरिबी मिटवायला नव्हे, ती समजून घ्यायला जातोय, हे मुलांना आणि मुख्य म्हणजे पालकांना निघण्याआधीच स्पष्ट सांगा.

संस्था निवडताना विचारा: आमच्या शुल्कातले किती पैसे गावात राहतात आणि कुणाच्या हातात जातात? इथे चाचरणारी संस्था सोडून द्या. कार्यक्रमात अनाथाश्रमाची भेट असेल तर ती काढायला लावा, तडजोड नको. कंबोडियात अशा संस्थांमधल्या दर चार मुलांपैकी सुमारे तिघांचे आई किंवा वडील हयात असल्याचं आढळलं होतं. पाहुणे आणि देणग्या येतात म्हणून मुलं घरातून आणली जातात. २०१८ च्या आधुनिक गुलामगिरीविरोधी कायद्याच्या निमित्ताने ऑस्ट्रेलियाने हा प्रकार गुलामगिरीचाच एक भाग मानला, यावरून काय ते समजा.

निघण्याआधी आकडे वाचून घ्या. जागतिक बँकेची अतिगरिबीची रेषा जून २०२५ पासून माणशी दिवसाला ३ डॉलर आहे. पण म्हणून ‘एक दिवस ३ डॉलरमध्ये राहून दाखवा’ हा खेळ खेळू नका. हे ३ डॉलर सराफाकडे बदलून मिळणारे नाहीत. २०२१ मध्ये अमेरिकेत तेवढ्यात जे मिळालं असतं, ते त्या देशात घ्यायला लागणारा पैसा म्हणजे ही रेषा. शिवाय घरच्या शेतातून ताटात आलेलं धान्यही त्यात मोजलं जातं. त्यापेक्षा बहुआयामी गरिबी निर्देशांक वाचायला द्या. २०१० पासून वापरात असलेल्या या निर्देशांकात पोषण, शाळा, सरपण, संडास, घरातली जमीन मातीची की पक्की, असे १० निकष आहेत. गावात गेल्यावर डोळ्यांना काय शोधायचं हे त्यातून कळतं. मात्र कुणाच्या दारात उभं राहून यादीवर खुणा करायच्या नाहीत. नोंदी रात्री, मुक्कामी.

माझा सगळा भर असतो तो पाण्यावर. पहिल्याच सकाळी मुलांना यजमान घरातल्या बाईंबरोबर हापशावर पाठवा. रांगेत आपल्या पाळीनेच उभं राहायचं, २० लिटरचा कॅन भरायचा, उचलून आणायचा, आणि ते पाणी त्याच घरात वापरायला द्यायचं. पाठवताना घड्याळ लावा: चालणं, रांग, भरणं, परत येणं. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या मोजणीत रांगेसकट ३० मिनिटांत येणं-जाणं होत असेल तरच, आणि स्रोत सुधारित, म्हणजे बाहेरच्या घाणीपासून जपलेला असेल तर, पाण्याची सोय ‘मूलभूत’ धरतात. आपत्तीच्या काळासाठी मदतसंस्थांनी ठरवलेला ‘स्फिअर’ निकष माणशी दिवसाला किमान १५ लिटर. सहा माणसांच्या घराला ९० लिटर, म्हणजे पाच खेपा. खेप अर्ध्या तासाची असली तरी अडीच तास गेले. हे गणित मुलांनी खांदे दुखत असताना करावं, म्हणजे शाळा कुणाची बुडते हा प्रश्न ती स्वतःच विचारतात.

आता हापशाकडेच जरा बघा. पंप थोडा वेळ बंद राहिल्यावर पाणी यायला किती वेळा दांडा मारावा लागतो ते मोजायला लावा. बरेच हापसे मारावे लागत असतील तर बहुधा तळाची झडप किंवा पाइपचा जोड गळतोय. मग पुढचे प्रश्न: ती कोण बदलणार? रबरी सील कुठे मिळतं? पैसे कोण गोळा करतं, वही कुणाकडे? आफ्रिकेत बऱ्याच ठिकाणी दिसणारा ‘इंडिया मार्क टू’ हा हातपंप दणकट आहे, पण त्याचे खालचे पाइप उपसायला खास अवजारं आणि प्रशिक्षित माणसं लागतात. १९८० च्या दशकातला ‘अॅफ्रिडेव्ह’ हा हातपंप मात्र गावकऱ्यांना एका पान्याने खोलता यावा म्हणूनच बनवला गेला. २००९ मधल्या अंदाजानुसार सहाराच्या दक्षिणेकडच्या आफ्रिकेत दर तीन हातपंपांपैकी एक तरी कोणत्याही वेळी बंदच असतो. नवा पंप बसवल्याचा फोटो सगळ्यांकडे असतो. पाना कुणाकडे आहे ते शोधा. शाश्वत विकासावरची माझी अर्धी व्याख्यानं या पान्यामुळे वाचली!

ऋतूचं भानही ठेवा. ग्रामीण विकासाचे अभ्यासक रॉबर्ट चेंबर्स यांनी दाखवून दिलं होतं की बाहेरचे पाहुणे डांबरी रस्त्यालगतची गावं आणि कोरडा हंगामच पाहतात, आणि उपासमारीचे, रस्ते बंद पडण्याचे महिने त्यांच्या नजरेतून सुटतात. यावर सोपा उपाय: जमिनीवर बारा चौकोन आखून गावकऱ्यांना खडे ठेवायला सांगायचं. कोणत्या महिन्यात धान्य संपतं, आजार वाढतात, कर्ज काढावं लागतं? बायकांनी आणि पुरुषांनी ठेवलेले खडे वेगवेगळे मोजा, फरक बघण्यासारखा असतो.

विमानाचा हिशेब टाळू नका. लांब पल्ल्याच्या जाण्या-येण्यात माणशी टनभराहून जास्त कार्बन डायऑक्साइड सहज होतो. आफ्रिकेतल्या मलावी देशात एका माणसाचं वर्षाचं उत्सर्जन टनाच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास आहे. यावर मुलं भांडली तर भांडू द्या. ‘झाडं लावून भरपाई करू’ म्हणणाऱ्याला विचारा, कुणाच्या जमिनीवर?

शेवटच्या संध्याकाळी निरोप समारंभ आटोपशीर ठेवा. मुलांनी आपल्या नोंदी दुभाष्यामार्फत यजमानांना वाचून दाखवायच्या, आणि चुकलेलं त्यांच्याकडून दुरुस्त करून घ्यायचं, लाल शाईने, त्याच पानावर. प्रकल्पाचे गुण त्या दुरुस्त प्रतीलाच. एक प्रत तिथल्या पाणी समितीकडे ठेवून निघायचं.